उसाच्या फडात वाघाटीची पिल्लं निघाली तर: कोयता थांबल्यापासून आई परत येईपर्यंत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत एकच वाक्य सारखं कानावर येतं: "फडात बिबट्याची पिल्लं निघालीत, लवकर या." जाऊन पाहावं तर कधी ती खरोखर बिबट्याची असतात, कधी रानमांजराची. आणि कधी पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, आडोशाला तळहातात मावतील अशी दोन पिल्लं एकमेकांत घुसून पडलेली असतात. कपाळावर काळसर रेघा, डोळे नुकतेच उघडलेले, आणि कुणी वाकलं की एवढ्याशा तोंडातून फिस्स असा आवाज. ती वाघाटीची.

हा लेख त्या पिल्लांसाठी आहे आणि ती ज्यांच्या पायाशी निघतात त्या शेतकऱ्यांसाठी, तोडणीची टोळी सांभाळणाऱ्या मुकादमांसाठी, तोडणी कामगारांसाठी. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. ही पिल्लं बहुतेक वेळा अनाथ नसतात. त्यांची आई जिवंत असते, जवळपासच कुठेतरी दडलेली असते आणि अंधार पडायची वाट बघत असते. त्यामुळे पिल्लं उचलून नेणं म्हणजे त्यांना वाचवणं नव्हे. ती आईला सापडतील अशी ठेवणं, हेच खरं वाचवणं. पुढे जे काही सांगितलंय ते या प्राण्याच्या सवयींवरून आलेलं आहे, म्हणून आधी त्या सवयी समजून घेऊ.

वाघाटी: ओळख आणि सवयी

वाघाटी हे आशियातलं सर्वांत लहान रानटी मांजर, आणि जगातल्या सर्वांत लहान मांजरांमध्येही तिची गणना होते. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचं वजन साधारण ९०० ग्रॅम ते दीड किलोच्या आसपास. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी ३५ ते ४८ सेंटीमीटर. म्हणजे आपल्या घरातली धष्टपुष्ट मनी हिच्यापेक्षा दुप्पट भरेल. अंगाचा रंग राखाडी, त्यावर वीटकरी-तांबूस ठिपक्यांच्या ओळी. पोट पांढरं आणि त्यावर मोठे गडद ठिपके. कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या चार गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या बाजूने वर चढणारे दोन पांढरे पट्टे, लहान गोलसर कान. शेपटी अंगाच्या निम्म्याइतकी आणि तिच्यावर ठळक कडी नसतात. पायांचे तळवे काळे.

शास्त्रीय नाव प्रायोनायल्युरस रुबिजिनोसस. १८३१ मध्ये पुदुच्चेरीहून मिळालेल्या नमुन्यावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जोफ्र्वा सेंत-हिलेर यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. भारत आणि श्रीलंका एवढाच तिचा मुलूख अशी समजूत बराच काळ होती, पण २०१२ मध्ये पश्चिम नेपाळच्या तराईतूनही तिची नोंद झाली. या तीन देशांपलीकडे ती कुठेही नाही. महाराष्ट्रात विदर्भातल्या नागझिऱ्यापासून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत तिच्या नोंदी आहेत. कोरडी पानझडी जंगलं, खुरटी झुडपं, खडकाळ माळ, आणि आता शेती.

ती रात्रीची आहे. दिवसा झाडाच्या ढोलीत, दाट झुडपात, खडकाच्या कपारीत दडून राहते आणि दिवस मावळला की बाहेर पडते. उंदीर, लहान पक्षी, सरडे-पाली, बेडूक, किडे हे तिचं खाणं. पाऊस पडून गेल्यावर उंदीर-बेडूक बाहेर येतात तेव्हा ती हमखास शिकारीला निघते. कोंबडीच्या पिलावर कधीमधी हात मारते हे खरं आहे, पण खुराड्याला नीट जाळी असेल तर तोही प्रश्न मिटतो. झाडावर चढण्यात ती तरबेज असते.

आता ऊस का? वाघाटीच्या नजरेने बघा. बारा ते अठरा महिने कुणी न हलवलेलं दाट रान, खाली पाचटाचा जाड थर, पाटाचं पाणी, आणि उंदीर तर मुबलक. बाळंतपणाला याहून निवांत जागा कुठे मिळणार? दक्षिण भारतात तर भातखाचरांच्या मधल्या ओस पडलेल्या घरांच्या माळ्यावर तिने पिल्लं घातल्याच्या नोंदी आहेत. माणसाच्या इतकं जवळ राहूनही ती दिसत नाही, कारण आपण झोपतो तेव्हा तिचा दिवस सुरू होतो.

गर्भकाळ साधारण ६५ ते ७० दिवसांचा. एका वेळी एक ते तीन पिल्लं. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या पिल्लांची वजनं ६० ते ७७ ग्रॅम भरली आहेत. जन्मतः ती आंधळी असतात, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि मोठेपणीचा तांबूसपणा अजून आलेला नसतो. लोक फसतात ते इथेच: काळे ठिपके दिसले की बिबट्या आठवतो.

तोडणीच्या आधी

खरी काळजी कोयता लागण्याआधी घ्यायची असते. तोड येणार हे कळलं की आदल्या दिवशी बांधावरून एक चक्कर मारा. ज्या बाजूने उंदरांची बिळं जास्त आहेत, पाचट दाट साठलंय, शेजारी ओढा किंवा पडीक रान आहे, ती बाजू लक्षात ठेवा. तोडणी त्या बाजूने सुरू करू नका. रस्त्याच्या किंवा मोकळ्या रानाच्या बाजूने सुरू करून ओढ्याकडे, झाडीकडे, शेजारच्या उभ्या उसाकडे सरकत जा. आतल्या जनावराला पुढे सरकायला वाट राहते. चारही बाजूंनी तोडत मध्ये शेवटचा ठोकळा ठेवला की सगळं त्यात अडकतं, आणि मग ससा असो, कोल्हा असो की बिबट्या, त्याला माणसांमधूनच पळावं लागतं. यात धोका आपल्यालाही आहे.

ऊस पेटवून तोडायची पद्धत जिथे असेल तिथे हात जोडून सांगतो, ती सोडा. आठवड्याच्या आतलं पिल्लू आगीतून हलू शकत नाही, आणि आई एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेऊ शकते. तोडणीनंतर पाचट पेटवायचं असेल तर तेही तसंच. पाचट कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो हे शेतकऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

हार्वेस्टरने तोडणी असेल तर जास्तच सावध राहावं लागतं. कोयत्याने तोडणाऱ्या माणसाचे डोळे जमिनीवर असतात, तो वाकलेला असतो, त्याला पिल्लू दिसतं. यंत्राच्या केबिनमध्ये बसलेल्याला ते दिसणं शक्यच नाही. तेव्हा यंत्र आत घालण्याआधी दोघा-तिघांनी सऱ्यांच्या तोंडाशी काठीने पाचट हलवत, बोलत-खाकरत फिरावं. मोठ्या जनावराला निघून जायला वेळ मिळतो, आणि लहान पिल्लांची आईही सावध होऊन त्यांना हलवायला लागते. या फेऱ्या उजाडल्यावर, सगळ्यांनी मिळून आणि फडाच्या कडेनेच करायच्या. बिबट्याच्या पट्ट्यात एकट्याने उसात शिरायचं नाही.

पिल्लं दिसली: पहिली दहा मिनिटं

कोयता थांबवा. नुसता त्या सरीतला नव्हे, आजूबाजूच्या सगळ्यांचा. मुकादमाने हाळी देऊन सगळ्यांना ज्या बाजूने आलो त्याच बाजूने मोकळ्या रानात घ्यावं. बायकांसोबत आलेली लहान मुलं आधी बाहेर. हे सगळं एका कारणासाठी: ती पिल्लं कुणाची हे अजून ठरलेलं नाही. वाघाटीची आई माणसाला काही करत नाही. बिबट्याची मादी मात्र त्याच फडात दहा पावलांवर असू शकते. म्हणून ओळख पटेपर्यंत ती बिबट्याची आहेत असंच धरून वागायचं.

बाहेर पडताना एक माणूस एवढं करेल: पिल्लांच्या जागेपासून चार-पाच हातांवर एक ऊस उभा खोचून त्याला फडकं बांधेल आणि मोबाइलवर लांबूनच झूम करून एक-दोन फोटो काढेल. फोटोत अंदाज यावा म्हणून शेजारचं उसाचं कांडं आलं तर उत्तम. मग त्याच ठिकाणचं लोकेशन. ही खूण फार कामाची असते. संध्याकाळपर्यंत फड तुटलेला असतो, सगळं रान सारखं दिसायला लागतं आणि "इथंच कुठंतरी होती" यावर पिल्लं शंभर फूट चुकीच्या जागी ठेवली जातात. आई जिथे ठेवून गेली तिथेच शोधायला येते.

मग फोन. महाराष्ट्र वन विभागाची टोल-फ्री हेल्पलाइन १९२६. गावच्या वनरक्षकाचा किंवा वनपालाचा नंबर मोबाइलमध्ये आधीच असेल तर थेट त्यांना. नसेल तर पोलीस पाटलांकडे मिळतो. फोनवर सांगायचं: गाव, गट नंबर, पिल्लं किती, डोळे उघडे की मिटलेले, कुणी हात लावला का, एखादं जखमी आहे का, आणि फडाचा किती भाग अजून उभा आहे. शेवटची गोष्ट लोक सांगत नाहीत, पण आईला येण्यासाठी आडोसा उरलाय का हे येणाऱ्या पथकाला त्यावरूनच कळतं.

कुणाची पिल्लं?

ओळख पटवायला वजन सर्वांत भरवशाचं, पण ते हातात घेऊन बघायचं नाही. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा. बिबट्याचं नुकतं जन्मलेलं बछडंच अर्धा किलोच्या आसपास असतं. त्याचे पंजे अंगाच्या मानाने जाड, डोकं मोठं, अंग लोकरीसारखं केसाळ. वाघाटीचं पिल्लू त्याच्यासमोर अगदी चिमणं. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत न मावणारं, पाय जाड असलेलं ठिपकेदार पिल्लू दिसलं तर ते वाघाटीचं नव्हे.

रानमांजराची, म्हणजे काही भागांत ज्याला बाऊल म्हणतात त्याची, पिल्लंही उसात खूप निघतात. ती वाघाटीपेक्षा मोठी, रंगाने मातकट-पिवळसर, अंगावर पुसट पट्टे असलेली. मोठं झाल्यावर हे पट्टे जातात. कान लांब व टोकदार, टोकाला काळे केस, पाय उंच आणि शेपटी आखूड, तिच्यावर काळी कडी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात बिबट मांजरही आहे. तिच्या अंगावरचे ठिपके काळे व ठळक, शेपटीवरही ठिपके, आणि कानांच्या मागे पांढरा डाग. काही गावांत तिलाही वाघाटीच म्हणतात, म्हणून फोनवर नुसतं नाव सांगून भागत नाही. वर्णन सांगा, फोटो पाठवा.

जवादी मांजर आणि उदमांजर ही खरं तर मांजरंच नव्हेत, त्यांचं कूळ वेगळं. लांबट तोंड हीच त्यांची खूण. जवादीच्या शेपटीवर कडी असतात. उदमांजराचं अंग काळपट आणि चेहऱ्यावर मुखवट्यासारखा गडद पट्टा. कौलारू घराच्या माळ्यावर पिल्लं निघाली तर ती बहुधा उदमांजराची. घरगुती मांजरीची पिल्लंही उसात सापडतात, आणि करड्या पट्ट्यांच्या मांजरीची असतील तर जाणकारही एकदा थांबून बघतो. कपाळावरून मागे जाणाऱ्या सरळ रेघा, पाठीवरच्या ठिपक्यांच्या ओळी आणि कान लहान व गोलसर असणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर वाघाटी धरून चालावं. ओळख पटली नाही तरी हरकत नाही. पुढची पद्धत सगळ्यांना सारखीच, फक्त बिबट्याच्या बाबतीत माणसांचं अंतर जास्त आणि हे सगळं वन विभागाच्या लोकांनीच करायचं.

पथक येईपर्यंत

सर्वांत मोठा मोह दूध पाजण्याचा. घरातलं म्हातारं माणूस कळवळून म्हणतं, "अगं, उपाशी असंल ते, चमचाभर दूध तरी घाल." त्या मायेला नावं ठेवायची नाहीत, पण दूध घालायचं नाही. गाई-म्हशीचं दूध मांजराच्या पिल्लाला पचत नाही. हगवण लागते, आणि साठ-सत्तर ग्रॅमच्या जिवातून थोडं पाणी गेलं तरी तो टिकत नाही. त्यातून चमच्याने, कापसाच्या बोळ्याने घातलेलं दूध श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात संसर्ग होतो. आईने पहाटे पाजलेलं असतं. रात्रीपर्यंतचा दिवस ती धडधाकट पिल्लं सहसा काढतात.

त्यांना खरी गरज तीन गोष्टींची: सावली, शांतता आणि मुंग्यांपासून बचाव. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर वर उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या पानांचा, आडोसा करा. भोवती मुंग्यांची रांग दिसली, किंवा पिल्लू उघड्या वाफ्यात पडलंय, ट्रॅक्टरच्या वाटेत आहे, तर आणि तरच ते हलवायचं. हात लावण्याआधी फडकं किंवा जाड हातमोजा घ्या, पिल्लू पाचटासकट उचला आणि दोन-चार हातांवर सावलीत ठेवा. पिल्लाने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं. जखम छोटी आहे म्हणून टाळू नये.

"माणसाचा वास लागला की आई पिल्लं घेत नाही" हे गावोगाव ऐकायला मिळतं. ते खरं नाही. पशुवैद्यांनी तपासलेली, हाताळलेली पिल्लं आया परत घेऊन जातात हे या भागात अनेकदा पाहिलं गेलंय. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या समजुतीपायी माणसं दोन टोकांची वागतात. कुणी हात लागला म्हणून घाबरून लपवतं, तर कुणी "आता आई घेणारच नाही" म्हणून पिल्लं घरी नेतं. हात लागला असेल तर लागला. तसं सांगा आणि पिल्लं जागेवरच राहू द्या.

आधीच कुणी घरी नेली असतील, तरी वेळ गेलेली नाही. पिशवीत, डब्यात कोंडू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड घाला, खोक्याला हवेची भोकं पाडा आणि ते अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. डोळे मिटलेली पिल्लं स्वतःची ऊब राखू शकत नाहीत, तेव्हा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे गरम वाटलं तर त्यांना दुसऱ्या बाजूला सरकता येतं. मुलांना खेळायला देऊ नका. कुठल्या गटातून, कुठल्या सरीतून उचलली ते लिहून ठेवा. पिल्लं तिथेच परत जाणार आहेत.

आणि तोडणी कामगारांचं काय? त्यांची मजुरी टनावर आहे. फड थांबला तर त्यांचा दिवस बुडतो, आणि कारखान्याची गाडी रिकामी परत जाते. हा प्रश्न बाजूला सारून "पिल्लं वाचवा" म्हणणं मला पटत नाही. फड सगळा थांबवायची गरज नसतेच. पथकाने पाहणी करून बिबट्या नसल्याची खात्री केली की पिल्लांच्या भोवतीचे दोन-तीन गुंठे सोडून उरलेल्या बाजूला तोड चालू ठेवता येते. तेवढ्या उसाने मालकाचं काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी तो तुटतोच. मुकादमाने टोळी दुसऱ्या कडेला वळवावी आणि तोडीचं नियोजन बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, चिठबॉयला, सांगून गाडीची वेळ पुढे-मागे करून घ्यावी. जो मालक हे स्वतः पुढे होऊन करतो, त्याच्या फडातली पिल्लं वाचतात, कारण कामगारही पुढच्या वेळी न घाबरता सांगतात.

संध्याकाळची जुळवाजुळव

आई येणार ती अंधार पडल्यावर. म्हणून सगळी तयारी दिवस मावळायच्या आत संपली पाहिजे. हे काम वनरक्षक आणि पशुवैद्यांचं. जुन्नर भागात वन विभागासोबत माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातलं वाइल्डलाइफ एसओएस या वन्यजीव संस्थेचं पथक अशा वेळी येतं. गोचीड, जखमा, अंगातलं पाणी कमी झालंय का हे ते तपासतात. गावकऱ्यांचं काम त्यांना जागा आणि शांतता देण्याचं.

पिल्लं पसरट टोपलीत किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. कडा एवढ्याच उंच की पिल्लाला चढून बाहेर पडता येऊ नये, पण आईला सहज आत तोंड घालता यावं. खाली त्याच जागचं पाचट अंथरायचं, कारण त्याला तिच्या दुधाचा, अंगाचा वास असतो. टोपली फडकं बांधलेल्या खुणेपाशी. तिथला ऊस तुटून गेला असेल तर त्या जागेपासून सर्वांत जवळचा आडोसा बघायचा: बांधावरचं घाणेरीचं झुडूप, शेजारच्या उभ्या उसाची कड, ओढ्याची झाडी. उघड्या रानातून चालत येण्यापेक्षा आडोशाच्या कडेने येणं वाघाटीला सोयीचं. जमीन ओली असेल तर टोपलीखाली दोन विटा.

समोर एक कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावतात, गुडघ्याच्याही खाली, कारण हे जनावर बुटकं आहे. झाडाला छातीच्या उंचीवर बांधलेल्या कॅमेऱ्यात ती येतच नाही. फ्लॅशऐवजी इन्फ्रारेड असावा.

आता गावकऱ्यांच्या हातातल्या गोष्टी. कुत्री बांधा, आपली आणि तोडणी कामगारांच्या कोपीवरचीही (झोपडीवरची). वाघाटीला बिबट्याइतकीच भीती मोकाट कुत्र्यांची असते, आणि दोन कुत्री एका रात्रीत सगळं संपवतात. पाण्याच्या मोटरीच्या लाइटचं, म्हणजे विजेचं, वेळापत्रक बघा. रात्रीची थ्री-फेज असेल आणि त्या गटाला किंवा शेजारच्या गटाला पाणी सोडायचं असेल तर ती रात्र सोडा, नाहीतर पाटाचं पाणी सरीतून थेट टोपलीत येईल. बॅटऱ्या मारत बघायला जायचं नाही. बांधावर मोटारसायकल उभी करून गप्पा मारायच्या नाहीत. आई दोन बांध पलीकडे बसून तुमचं जाणं मोजत असते. तुम्ही दर अर्ध्या तासाला "आली का" बघायला गेलात तर ती रात्रभर तिथेच बसून राहील.

ती आली की एक पिल्लू मानेच्या कातड्याला धरून उचलते आणि निघून जाते. नव्या जागी ते लपवून मग दुसऱ्यासाठी परतते. मध्ये बराच वेळ जाऊ शकतो. इथे लोक हमखास घाई करतात: "एक नेलं, दुसरं टाकून गेली." टाकून गेलेली नसते. उजाडेपर्यंत टोपलीजवळ कुणीही जायचं नाही.

पहाटे पिल्लं टोपलीतच असतील तर पथक ती पुन्हा ताब्यात घेतं, त्यांना योग्य ते दूध देतं, दिवसभर ऊब देतं आणि त्याच संध्याकाळी त्याच जागी पुन्हा ठेवतं. पहिल्या रात्री आई न येण्याची कारणं साधी असू शकतात: लोकांची वर्दळ, कुत्री, जवळच रात्री चाललेली दुसरी तोड. म्हणून पुढच्या रात्री फडाच्या मालकाने थोडं लक्ष घालून ही कारणं दूर करायची.

काही वेळा ती येतच नाही, कारण ती मेलेली असते: रस्त्यावर गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी, किंवा कोयत्याने. मग पिल्लांना हाताने वाढवावं लागतं. हा शेवटचा पर्याय. आईविना वाढलेल्या वाघाटीला शिकार शिकवायला कुणी नसतं आणि माणसाची भीतीही राहत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघाटीच्या संवर्धनाचं आणि प्रजननाचं काम चालतं, अशा ठिकाणी तिची नीट काळजी घेतली जाते. पण उसाच्या फडातली एक रात्र आपण नीट सांभाळली तर हा प्रवास टाळता येतो.

कायदा

वाघाटी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. वाघाला जे संरक्षण तेच हिला. मारणं, पकडणं, पाळणं, विकणं हे सगळं गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व दंड. "पिल्लू गोड होतं म्हणून ठेवलं" हे कारण चालत नाही. पण सापडल्याची खबर देणाऱ्याला घाबरायचं काहीच कारण नाही. फोन केलेला असणं हीच त्याची बाजू.

फोटोंबद्दलही एक विनंती. फोटो वन विभागाला पाठवा, आपल्याजवळ ठेवा, पण गाव आणि गट नंबरासकट ग्रुपवर टाकू नका. दुपारी फोटो फिरला की संध्याकाळी आई यायच्या वेळेला बांधावर गर्दी जमते.

पुढचे काही दिवस

पिल्लं गेली म्हणजे ती आसपासच आहेत. आई एका रात्रीत फार लांब जात नाही. शेजारच्या फडात तोड येणार असेल तर त्या मालकाला सांगा. राखून ठेवलेले दोन-तीन गुंठे दुसऱ्या दिवशी तोडायला हरकत नाही, पण आधी काठीने पाचट हलवत एक फेरी मारूनच.

उंदरांचा बंदोबस्त करताना विषाचा विचार करा. ब्रोमाडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि असाच उंदीर घुबडाला, वाघाटीला, घरच्या मांजरीला सहज सापडतो. विष त्यांच्याही अंगात जातं. पिल्लांना पाजणारी आई तर रात्रीतून अनेक उंदीर खाते. म्हणून तोडणीच्या मागच्या-पुढच्या काही आठवड्यांत तरी सापळे वापरा. औषध वापरायचंच असेल तर ते उघड्या बांधावर न टाकता बिळात आत ठेवून बीळ बुजवा, आणि मेलेले उंदीर रोज उचलून पुरा. रानात पक्षिथांबे रोवले तर घुबडं बसतात, तीही उंदरांवर काम करतात.

विहिरीला कठडा नसेल तर तो बांधून घ्या. रात्री उंदरामागे धावणारं लहान जनावर विहिरीत पडतं आणि सकाळपर्यंत पोहत राहतं. कठड्याचं काम लगेच होणार नसेल तर एक जाड दोर किंवा फांद्या ठेवलेला बांबू आत सोडून ठेवा. वाघाटी चढण्यात पटाईत आहे, तिला एवढा आधार पुरतो.

आणि एका वहीत नोंद करून ठेवा: तारीख, गट नंबर, उसाची लागण आडसाली (पावसाळ्यातली) की खोडवा (तुटलेल्या बुडख्यातून फुटलेला ऊस), पिल्लं किती, डोळे उघडे होते का, शेजारी काय होतं, आई कितव्या रात्री आली. तीच माहिती वनरक्षकालाही द्या. पुढच्या हंगामात त्याच ओढ्याकाठच्या फडात तोड लावायची वेळ येईल, तेव्हा टोळी कुठल्या बाजूने घालायची हे मुकादमाला त्या वहीतूनच सांगता येईल.